फेअर ट्रेड कॉफीचा दैनंदिन जीवनातील प्रसार

फेअर ट्रेड कॉफी म्हणजे लहान शेतकऱ्यांच्या संघटनांकडून, पूर्वनिश्चित किमान किमतीच्या खाली न उतरता आणि त्यावर सामूहिक कामांसाठी वेगळी रक्कम देऊन खरेदी केलेली कॉफी होय. मराठीत तिला न्याय्य व्यापार कॉफी असेही म्हणता येईल. ही कॉफी चव, जात किंवा प्रत यांवरून ओळखली जात नाही. तिचे वेगळेपण व्यवहाराच्या अटींत असते. शेतकऱ्यांच्या संघटनेने प्रमाणपत्र मिळवले तरी तिची कॉफी या अटींवर विकली जाईल की सामान्य बाजारभावाने, हे व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मागणीवर ठरते. घर, दुकान, महाविद्यालय, कार्यालय आणि गाव या पातळ्यांवर ही मागणी कशी निर्माण केली जाते, याची माहिती या लेखात दिली आहे.

'फेअर ट्रेड' हा शब्द संपूर्ण चळवळीसाठी वापरतात, तर 'फेअरट्रेड' असा जोडून लिहिलेला शब्द जर्मनीतील बॉन येथे मुख्यालय असलेल्या फेअरट्रेड इंटरनॅशनल या संस्थेच्या प्रमाणन पद्धतीसाठी वापरतात. पुढील मजकुरात हाच भेद पाळला आहे.

पार्श्वभूमी

कॉफी उष्ण कटिबंधातील देशांत, बहुतांशी लहान शेतकऱ्यांच्या जमिनीवर पिकते. तिचा भाव मात्र न्यूयॉर्क आणि लंडन येथील वायदेबाजारांत ठरतो. अरेबिका जातीचा भाव न्यूयॉर्कमध्ये प्रति पाउंड सेंटांत, तर रोबस्टाचा लंडनमध्ये प्रति टन डॉलरांत सांगितला जातो. रोप लावल्यापासून पहिले पीक हाती येण्यास तीन ते चार वर्षे लागतात. त्यामुळे भाव कोसळला म्हणून शेतकऱ्याला पुढच्या हंगामात पीक बदलता येत नाही आणि भाव चढला म्हणून लगेच उत्पादन वाढवताही येत नाही.

१९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने उत्पादक देशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिले होते आणि त्यामुळे भाव काहीसे स्थिर राहत. जुलै १९८९ मध्ये कोट्यांची पद्धत मोडली आणि भाव झपाट्याने खाली आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवलार' ही पहिली फेअर ट्रेड खूण सुरू झाली होती. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात 'युसिरी' या आदिवासी कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेबरोबर काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स फान देर होफ आणि सॉलिडारिडाड या संस्थेचे निको रोझेन हे तिचे प्रवर्तक होत. खुणेचे नाव मुल्टाटुली या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडुआर्ड डाउवेस डेकर यांच्या १८६० मधील कादंबरीवरून घेतले आहे. जावा बेटावर डच वसाहतवादी सत्तेने शेतकऱ्यांवर लादलेल्या सक्तीच्या लागवडीवर ही कादंबरी टीका करते. कॉफीच्या पाकिटावर या नावाची खूण उमटावी, यात डच वाचकांना उपरोध दिसला असणार.

याआधीही काही संस्था उत्पादकांकडून थेट कॉफी आणून विकत असत, पण ती त्यांच्या स्वतःच्या दुकानांपुरती मर्यादित होती. मॅक्स हॅवलारचे नावीन्य असे की खूण कोणत्याही कंपनीच्या पाकिटावर लावता येत होती आणि त्यामुळे फेअर ट्रेड कॉफी सर्वसाधारण किराणा दुकानात पोहोचली. वेगवेगळ्या देशांतील अशा खुणांच्या संस्था १९९७ मध्ये एका छत्राखाली आल्या. त्यातूनच आजची फेअरट्रेड इंटरनॅशनल उभी राहिली.

किमतीची रचना

२०२३ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या दरांनुसार फेअरट्रेड पद्धतीत धुतलेल्या अरेबिकाची किमान किंमत प्रति पाउंड १.८० डॉलर आणि न धुता वाळवलेल्या रोबस्टाची १.२० डॉलर ठरली. कॉफी सेंद्रिय असल्यास आणखी ४० सेंट मिळतात. बाजारभाव किमान किमतीपेक्षा जास्त असेल तर खरेदीदाराने बाजारभाव द्यावयाचा असतो. या किमतीव्यतिरिक्त प्रति पाउंड २० सेंट अधिमूल्य दिले जाते. ते एकट्या शेतकऱ्याच्या हाती न जाता संघटनेच्या खात्यात जमा होते आणि त्याचा विनियोग सभासद सर्वसाधारण सभेत ठरवतात. त्यांपैकी किमान ५ सेंट उत्पादकता व दर्जा सुधारण्यासाठी राखून ठेवावे लागतात. संघटनेने मागणी केल्यास खरेदीदाराने कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ वित्तपुरवठाही करावा, अशी अट आहे. हंगामात सावकाराकडे किंवा दलालाकडे जावे न लागणे, हा अनेक संस्थांच्या दृष्टीने किमान किमतीइतकाच महत्त्वाचा लाभ असतो.

किमान किमतीचे महत्त्व मंदीत दिसते. २००१ मध्ये न्यूयॉर्कचा भाव प्रति पाउंड ४५ सेंटांच्याही खाली गेला, तेव्हा धुतलेल्या अरेबिकाची फेअर ट्रेड किमान किंमत १.२१ डॉलर होती आणि अधिमूल्य ५ सेंट. तेजीत चित्र उलटे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा भाव ४ डॉलरांच्या वर गेला. अशा काळात किमान किमतीचा काहीच उपयोग राहत नाही, उलट सहकारी संस्थाच अडचणीत येतात. कारण दारात रोख पैसे घेऊन उभ्या असलेल्या दलालाला सभासद माल देऊन टाकतात आणि संस्थेला आधी केलेले करार पाळणे कठीण जाते.

महाराष्ट्रातील वाचकांना पिकांचा हमीभाव किंवा उसाचा रास्त व किफायतशीर दर परिचित असतो. ते दर सरकार ठरवते. फेअरट्रेडची किमान किंमत मात्र कोणत्याही सरकारच्या कायद्यातून आलेली नाही. ज्या खरेदीदाराला खूण वापरायची आहे, त्याच्यावर ती कराराने बंधनकारक असते. खूण वापरू इच्छिणारा खरेदीदारच नसेल, तर ही किंमत कागदावर राहते.

प्रमाणित, पण सामान्य दराने विकलेली कॉफी

फेअर ट्रेडविषयीच्या प्रचारसाहित्यात सहसा मागे पडणारी गोष्ट अशी की, प्रमाणित सहकारी संस्था आपली सर्वच कॉफी फेअर ट्रेडच्या अटींवर विकू शकत नाहीत. अनेक संस्थांच्या बाबतीत उत्पादनाचा मोठा हिस्सा सामान्य बाजारात, अधिमूल्याविना जातो. तपासणीचा खर्च, नोंदवह्या ठेवण्याचे काम आणि प्रमाणनाचे शुल्क मात्र संस्थेला पूर्ण भरावे लागते.

अलेन द जाँव्री, क्रेग मॅकिंटॉश आणि एलिझाबेथ सादुले यांनी ग्वाटेमालातील कॉफी सहकारी संस्थांच्या आकडेवारीवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान किमतीचा लाभ दिसू लागला की अधिकाधिक शेतकरी प्रमाणपत्र घेतात, मागणी त्या वेगाने वाढत नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारी फेअर ट्रेड विक्री घटून लाभ विरघळत जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अभ्यास अनेकदा फेअर ट्रेडच्या विरोधातील पुरावा म्हणून मांडला जातो. पण समर्थकांसाठीही त्यात एक नेमका निर्देश आहे: नव्या संस्थांना प्रमाणपत्र मिळवून देण्यापेक्षा, ज्यांच्याकडे ते आहे त्यांचा माल खुणेसह खपवणे ही खरी निकड आहे. दैनंदिन जीवनात केलेल्या प्रसाराला अर्थ येतो तो याच ठिकाणी.

एका कपाचे गणित

एका पाउंडात सुमारे ४५४ ग्रॅम होतात. भाजताना बियांचे वजन १५ ते २० टक्के घटते. त्यामुळे १० ग्रॅम पूड लागणाऱ्या एका कपासाठी सुमारे १२ ग्रॅम कच्चे बी लागते. म्हणजे एका पाउंडाचे ३८ कप होतात. २० सेंटांचे अधिमूल्य त्यांत वाटले तर कपामागे सुमारे अर्धा सेंट, भारतीय चलनात पन्नास पैशांच्या आसपास रक्कम येते. १.८० डॉलर ही पूर्ण किमान किंमत धरली तरी कपामागे ती पाच सेंटांच्या आत राहते. कॅफेतील कपाच्या किमतीत जागेचे भाडे, दूध, वीज आणि मजुरी यांचा वाटा याच्या कितीतरी पट असतो. म्हणून एखाद्या कॅफेने फेअर ट्रेडच्या नावाखाली किंमत भरमसाट वाढवली, तर ती वाढ शेतकऱ्यासाठी आहे असे मानण्याचे कारण नाही.

रोज दोन कप पिणारी व्यक्ती वर्षात सुमारे ७ किलो भाजलेली कॉफी वापरते. तिच्यामुळे संघटनेला मिळणारे अधिमूल्य वर्षाला चार डॉलरांच्या आसपास असते. शंभर कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात प्रत्येकी दोन कप आणि कामाचे २५० दिवस धरले, तर वार्षिक वापर ५०० किलो भाजलेली कॉफी, म्हणजे साधारण ६०० किलो कच्चे बी इतका होतो. या ६० किलोच्या दहा गोण्या झाल्या आणि त्यांवरील अधिमूल्य सुमारे २६५ डॉलर. शिवाय कार्यालयाची खरेदी वर्षाच्या कराराने होत असल्याने भाजणी करणाऱ्या व्यावसायिकाला पुढच्या हंगामाची मागणी आधीच नोंदवता येते. एका माणसाच्या आवडीनिवडीला ते शक्य नसते.

खूण ओळखणे

प्रसाराची पहिली पायरी म्हणजे पाकिटावरील शब्दांचा अर्थ समजून घेणे. फेअरट्रेड इंटरनॅशनलची खूण काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या-हिरव्या रंगांची असून तिच्यात हात उंचावलेली मानवाकृती सूचित केली आहे. अमेरिकेतील फेअर ट्रेड यूएसए ही संस्था २०११ च्या अखेरीस या व्यवस्थेतून बाहेर पडली. तिची खूण वेगळी आहे आणि तिने मोठ्या मळ्यांतील कॉफीलाही प्रमाणन खुले केले. फेअरट्रेड इंटरनॅशनल कॉफीच्या बाबतीत केवळ लहान उत्पादकांच्या संघटनांनाच प्रमाणित करते. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनची खूण एखाद्या मालाऐवजी संपूर्ण संस्थेच्या व्यवहाराची ग्वाही देते.

रेनफॉरेस्ट अलायन्सची हिरव्या बेडकाची खूण पर्यावरण आणि कामाच्या परिस्थितीवर भर देते, पण तीत किमान किमतीची हमी नसते. सेंद्रिय प्रमाणपत्र लागवडीच्या पद्धतीविषयी असते, भावाविषयी नाही. 'डायरेक्ट ट्रेड' या शब्दामागे सर्वमान्य निकष नाहीत. काही भाजणी व्यावसायिक शेतकऱ्याला दिलेला भाव जाहीर करतात आणि तो फेअरट्रेडच्या किमतीहून चांगलाही असतो. काहींच्या बाबतीत तो निव्वळ जाहिरातीचा शब्द ठरतो. अशा वेळी दिलेला भाव आणि उत्पादक संस्थेचे नाव विचारणे हाच उपाय उरतो. फेअरट्रेड व्यवस्थेतील प्रत्येक संस्थेला ओळख क्रमांक असतो आणि तो फ्लोसर्ट या तपासणी संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

घर आणि दुकान

घरगुती पातळीवर करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: खूण असलेली कॉफी नियमितपणे, शक्यतो एकाच विक्रेत्याकडून घेणे. सणापुरती किंवा भेट म्हणून केलेली खरेदी स्वागतार्ह असली तरी दुकानदार माल ठेवतो तो नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी. खूण असलेली कॉफी दुकानात नसल्यास तिची मागणी नोंदवणे, आणि मागवल्यावर ती प्रत्यक्ष विकत घेणे, दोन्ही आवश्यक आहेत. मागवलेले पाकीट फळीवर पडून राहिले, तर दुकानदार पुन्हा त्या वाटेला जात नाही.

दुकानात खूण ठळकपणे दाखवल्याने विक्रीवर परिणाम होतो, याला प्रायोगिक आधार आहे. येन्स हाइनम्युलर, मायकेल हिस्कॉक्स आणि सांड्रा सिक्वेरा यांनी अमेरिकेतील एका किराणा साखळीच्या २६ दुकानांत केलेल्या प्रयोगात सुट्या कॉफीच्या डब्यांवर फेअर ट्रेडची चिठ्ठी लावताच तिची विक्री सुमारे १० टक्क्यांनी वाढली. किंमत वाढवून पाहिली असता महागड्या कॉफीचे ग्राहक फारसे हटले नाहीत, स्वस्त कॉफीचे ग्राहक मात्र दुसरीकडे वळले. छोट्या दुकानदाराला यातून घेता येण्याजोगा बोध असा की, फळीवर दिसेल अशी चिठ्ठी लावण्यास खर्च नाही. पण अल्प उत्पन्नाच्या गिऱ्हाइकांत प्रसार करायचा तर किमतीतील फरक कमी ठेवावा लागतो.

भारतीय घरांत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. फिल्टर कॉफीची पूड आणि झटपट कॉफी यांत चिकोरी मिसळलेली असू शकते. अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापावे, असा अन्नसुरक्षा नियम आहे. ज्या पाकिटात निम्मी चिकोरी आहे, त्यातून कॉफी उत्पादकाकडे जाणारा पैसाही तितकाच कमी.

संस्थांची खरेदी

फेअर ट्रेड कॉफीचा पाया पाश्चात्त्य देशांत घराघरांतून जितका घातला गेला, त्याहून अधिक तो सभागृहे, चर्च, विद्यापीठे आणि कार्यालये यांच्या चहापानातून घातला गेला. अमेरिकेत १९८६ मध्ये स्थापन झालेल्या इक्वल एक्स्चेंज या कामगारांच्या मालकीच्या संस्थेने निकाराग्वातील कॉफीपासून सुरुवात केली. पुढे १९९० च्या दशकात लुथरन वर्ल्ड रिलीफच्या सहकार्याने प्रार्थनेनंतरच्या कॉफीपानासाठी चर्चना पुरवठा करण्याचा उपक्रम तिने उभारला. ब्रिटनमध्ये को-ऑप या ग्राहक सहकारी साखळीने २००३ मध्ये स्वतःच्या नावाची सर्व कॉफी फेअरट्रेड केली. त्याच वर्षी ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठ पहिले फेअरट्रेड विद्यापीठ ठरले.

महाविद्यालय किंवा कार्यालय यांत असा बदल घडवताना भावनिक आवाहनापेक्षा खरेदीची पद्धत समजून घेणे उपयोगी पडते. उपाहारगृहाचा ठेका कोणाकडे आहे, तो केव्हा संपतो, कॉफीचा मासिक वापर किती आणि सध्याचा दर काय, ही माहिती आधी गोळा करावी लागते. ठेक्याचे नूतनीकरण होताना निविदेच्या अटींत एक ओळ घालणे हे ठेका सुरू असताना केलेल्या शंभर विनंत्यांपेक्षा परिणामकारक असते. दर वाढणार असल्यास कपामागे किती, हे लिहून दिले की चर्चा लवकर संपते. मेच्या दुसऱ्या शनिवारी येणारा जागतिक न्याय्य व्यापार दिन चाखण्याच्या कार्यक्रमांसाठी सोयीचा निमित्त ठरतो. मात्र त्या दिवशी दिलेली कॉफी चांगली नसेल, तर प्रचार उलटा पडतो. सुरुवातीच्या काळात फेअर ट्रेड कॉफी बेचव असल्याची तक्रार होत असे आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती.

गार्स्टँग आणि फेअरट्रेड नगरे

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गार्स्टँग या छोट्या बाजारपेठेच्या गावात ऑक्सफॅमच्या स्थानिक गटाने ब्रूस क्राउदर यांच्या पुढाकाराने दुकाने, शाळा, चर्च आणि उपाहारगृहे यांना फेअरट्रेड माल वापरण्यास राजी केले. एप्रिल २००० मध्ये गावाच्या जाहीर सभेने स्वतःला जगातील पहिले फेअरट्रेड नगर घोषित केले. परिसर दुग्धव्यवसायाचा होता आणि आपल्या दुधाला रास्त भाव मिळत नाही, ही तेथील गवळ्यांची तक्रार होती. दूरच्या कॉफी उत्पादकाचा प्रश्न आणि शेजारच्या गवळ्याचा प्रश्न एकच आहे, अशी मांडणी झाल्यामुळे मोहिमेला स्थानिक पाठिंबा मिळाला.

गार्स्टँगच्या अनुभवावरून ब्रिटनच्या फेअरट्रेड फाउंडेशनने नगरांसाठी पाच उद्दिष्टे आखली. नगरपरिषदेने ठराव करून आपल्या बैठकांत फेअरट्रेड चहा-कॉफी द्यावी, दुकानांत व उपाहारगृहांत हा माल उपलब्ध असावा, शाळा आणि कामाच्या ठिकाणी तो वापरला जावा, वृत्तपत्रांतून प्रसिद्धी मिळावी आणि हे सर्व टिकवण्यासाठी एक सुकाणू समिती असावी. शेवटची अट वरवर किरकोळ वाटते, पण पहिला उत्साह ओसरल्यावर काम चालू राहते ते समितीमुळेच. आज जगात दोन हजारांहून अधिक फेअरट्रेड नगरे आहेत.

भारतातील स्थिती

भारत कॉफीचा उत्पादक देश आहे आणि येथील बहुसंख्य कॉफीधारक लहान शेतकरी आहेत. सर्वाधिक उत्पादन कर्नाटकात, त्याखालोखाल केरळ आणि तमिळनाडूत होते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरात अल्प प्रमाणात लागवड आहे. कॉफी बोर्डाची सामायिक खरेदीची पद्धत १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपली आणि शेतकरी थेट बाजाराशी जोडला गेला. देशातील उत्पादनाचा मोठा भाग निर्यात होतो.

आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी नांदी फाउंडेशनच्या साहाय्याने सहकारी संस्था उभारली आणि तेथील कॉफी आंतरराष्ट्रीय बाजारात स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१७ मध्ये तिचे दुकान पॅरिसमध्ये उघडले. अराकू खोऱ्यातील अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशनही मिळाले. येथे एक गल्लत टाळावी लागते: भौगोलिक निर्देशन मालाचे मूळ ठिकाण सांगते, शेतकऱ्याला दिलेला भाव सांगत नाही. तसेच इंडियन कॉफी हाउस हे कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत चालते म्हणून तेथील कॉफी आपोआप फेअर ट्रेड ठरत नाही. तेथे हक्क सुरक्षित होतो तो वाढपी आणि आचारी यांचा.

भारतीय ग्राहकासाठी फेअरट्रेड खुणेचा प्रसार २०१३ मध्ये फेअरट्रेड इंडियाच्या रूपाने सुरू झाला, परंतु खूण असलेली कॉफी सर्वसाधारण किराणा दुकानात अजून सहज आढळत नाही. त्यामुळे येथील समर्थकाला बहुधा सहकारी संस्थेकडून किंवा उत्पादकाचे नाव व दिलेला भाव सांगणाऱ्या भाजणी व्यावसायिकाकडून कॉफी मागवावी लागते. एका कुटुंबासाठी टपालखर्च परवडत नसल्यास गृहनिर्माण संस्थेतील चार-पाच घरांनी महिन्याची मागणी एकत्र नोंदवणे सोयीचे पडते.

आक्षेप आणि प्रचारातील मर्यादा

लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेतील क्रिस्टोफर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी इथिओपिया व युगांडा येथे केलेल्या संशोधनाचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांतील शेतमजुरांना इतरत्र मिळणाऱ्या मजुरीपेक्षा अधिक मजुरी मिळत असल्याचे त्यांना आढळले नाही. फेअरट्रेड इंटरनॅशनलने अहवालाच्या पद्धतीवर हरकत घेतली. तरीही मूळ मुद्दा शिल्लक राहतो: किमान किंमत जमीनधारक शेतकऱ्याच्या संघटनेला मिळते, आणि तोडणीच्या हंगामात त्याच्या शेतावर राबणारा भूमिहीन मजूर त्या कराराचा पक्ष नसतो.

याशिवाय ही किंमत बंदरापर्यंतच्या मालाची असल्याने तिच्यातून प्रक्रिया, वाहतूक, कर्जफेड आणि संस्थेचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम सभासदाच्या हाती पडते. म्हणून भित्तिपत्रकावर किंवा चाखण्याच्या कार्यक्रमात 'या कपामुळे एक कुटुंब गरिबीतून बाहेर पडले' अशा प्रकारचे दावे करणे योग्य नाही. त्याऐवजी संस्थेचे नाव, खरेदीचे प्रमाण, दिलेला भाव आणि अधिमूल्यातून झालेले काम इतके लिहिले, तर ते पडताळता येते आणि पुढच्या वर्षी त्याच फलकावर नवे आकडे लिहिता येतात.